व्यसनावर उपचार घेणाऱ्याला रुग्णालयात त्याची गोळी द्यायला कायद्याची मनाई आहे का?

हुरहूर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय ३४. कॉलेजात गर्दच्या (ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनच्या) नादी लागला. मधली वर्षं कशी गेली ते लिहीत बसत नाही. गेली तीन वर्षं सरकारी केंद्रातून ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घेतोय, गर्दची ओढ आणि ती सुटताना होणारा त्रास थोपवणारी. नोकरी टिकली आहे, घरात हसू आहे, आईनं कपाटाला कुलूप लावणं सोडलं आहे.

मार्चमध्ये दुचाकीवरून पडला आणि मांडीचं हाड मोडलं. एका खासगी रुग्णालयात रॉड टाकला. दाखल करताना आम्ही काही लपवलं नाही, फॉर्मवर गोळीचं नाव स्पष्ट लिहिलं. तिथेच घोडं पेंड खायला लागलं. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "व्यसनी पेशंटला असली औषधं देता येत नाहीत, कायद्यात बसत नाही, आमचं लायसन्स जाईल." बरं, त्याची गोळी आमच्याकडे आहे, ती देऊ का? तर "बाहेरचं औषध वॉर्डात चालत नाही" म्हणून स्ट्रिप काढून घेतली आणि कपाटात ठेवली.

दुसऱ्या रात्री त्याला जांभयांवर जांभया सुरू झाल्या. नाक गळायला लागलं, अंगावर काटा. आणि जो पाय अजिबात हलवू नका असं सांगितलं होतं तोच पाय झटके देत होता. मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरून बसले होते. सिस्टर म्हणाली, "नाटक करतोय, इंजेक्शन हवंय." पहाटे चार वाजता भाऊ मला म्हणाला, "ताई, मला डिस्चार्ज दे, मी बघतो कुठून काय मिळतं ते." या वाक्यानं माझे पाय गळाले.

तर प्रश्न: असा कायदा खरंच आहे का? असेल तर कुठलं कलम? पुढच्या महिन्यात एक स्क्रू काढायला पुन्हा दाखल व्हायचं आहे, म्हणून विचारते.

रात्रपाळी
थोडक्यात उत्तर: नाही, अशी मनाई नाही. सविस्तर उत्तर ओपीडी संपल्यावर.

बिनकामाचा
डॉक्टरांनी थोडक्यात उत्तर दिलं! तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

पाटीवरचा_खडू
ताई, भावाला बरं वाटो. पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन वर्षं रोज गोळी म्हणजे व्यसन सुटलं कुठे? आधी रस्त्यावरून मिळत होतं, आता सरकार देतंय, एवढाच फरक. कायदा कडक आहे ते बरंच आहे. उद्या प्रत्येक डॉक्टर नशेच्या गोळ्या वाटत सुटेल.

उसवलेला_सदरा
खडूसाहेब, मी सात वर्षं त्याच गोळीवर आहे, तेव्हा हा प्रतिसाद माझ्यावरच आहे असं समजून लिहितो.

गोळी कशी मिळते ते सांगतो. सकाळी साडेनऊला रांग. कार्ड दाखवायचं, रजिस्टरवर सही. सिस्टर गोळ्या मोजते, दोन चमच्यांमध्ये दाबून चुरा करते आणि म्हणते, "जीभ वर." चुरा जिभेखाली टाकते. मग समोरच्या बाकावर बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी नाही. दहाएक मिनिटांनी पुन्हा तिच्यासमोर जायचं, तोंड उघडायचं, ती बॅटरी मारून बघते. पहिलीतल्या मुलासारखं 'आ' करायचं. पहिले सहा महिने मला याची इतकी लाज वाटायची की रांगेत मी हेल्मेट घालून उभा राहायचो.

यात नशा येत नाही. 'किक' नाही, झोक नाही. फक्त टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) लागत नाही, आणि बाकाच्या मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघत ऑफिसला उशीर होतोय याची काळजी वाटते. ऑफिसला उशीर होण्याची काळजी! गर्दच्या दिवसांत माझ्याकडे ऑफिसच नव्हतं.

हुरहूरताई, 'नाटक करतोय' हे मीही ऐकलं आहे. अंगावरचा काटा नाटकात आणता येत नाही, एवढं त्या सिस्टरला सांगायला हवं होतं.

आडवाटेवरचा
सदराभाऊ, प्रतिसाद दोनदा वाचला. हेल्मेटचं वाचून थांबलो जरा.

औषधीबुवा
मी फार्मासिस्ट. काउंटरच्या अलीकडची बाजू सांगतो.

ही औषधं 'शेड्यूल एच-वन'मध्ये, म्हणजे वेगळी नोंद लागणाऱ्या औषधांच्या सरकारी यादीत, येतात. २०१४ च्या मार्चपासून तो नियम लागू झाला. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. लेबलवर लाल चौकट. एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याखालचं औषध असेल तर वर लाल अक्षरात 'एनआरएक्स'. शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीची तर तऱ्हाच वेगळी, तिथे प्रिस्क्रिप्शनच्या दोन प्रती लागतात, एक आमच्याकडे राहते.

यात कुठेही 'व्यसनी माणसाला देऊ नये' असं लिहिलेलं नाही. चिठ्ठी खरी, डॉक्टर नोंदणीकृत, नोंद केली, विषय संपला. पण इन्स्पेक्शनला साहेब आले की आधी तेच रजिस्टर उघडतात. म्हणून माझ्या ओळखीच्या निम्म्या दुकानदारांनी काय केलं? माल ठेवणंच बंद. माल नाही, रजिस्टर नाही, कटकट नाही.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. मागे एक मुलगा चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन आला होता, हात थरथरत होते. "ओरिजिनल आण" म्हणून हाकलला. नियमानं बरोबरच होतं. पण तो परत आला नाही आणि मी डॉक्टरला फोन करून विचारू शकलो असतो, ते केलं नाही.

कलम_कसाई
वकील आहे. आयडीवर जाऊ नका, कॉलेजात ठेवलेला आहे.

ताईंनी कलम विचारलंय म्हणून. एनडीपीएस कायदा १९८५, कलम ८: अमली पदार्थ आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ बाळगणं, विकणं, वापरणं वगैरेंवर बंदी, *वैद्यकीय किंवा वैज्ञानिक कारण सोडून*, आणि तेही कायद्यानं घालून दिलेल्या रीतीनं. सगळी मेख त्या अपवादात आहे. व्यसनावरचा उपचार हे वैद्यकीय कारण आहे की नाही? आहे. हे मी म्हणत नाही, कायदाच म्हणतो. कलम ७१ वाचा. व्यसनी व्यक्तींच्या उपचारासाठी केंद्रं काढायचा आणि नोंदणी झालेल्यांना वैद्यकीय गरज म्हणून औषध पुरवायचा अधिकार तिथे सरकारला दिला आहे.

म्हणजे ज्या कायद्याचा धाक दाखवला गेला, त्याच कायद्यात ही गोळी द्यायची वाट आहे.

बिनकामाचा
कसाईसाहेब, तुमच्याकडे शेळी बनून यायला हरकत नाही असं दिसतंय.

रात्रपाळी
आलो. चहा घेऊन बसलोय, तेव्हा लांबेल.

आधी एक गंमत. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीनं ब्युप्रेनॉर्फिन हे अफूवर्गीय औषध, मॉर्फिनचं चुलत भावंड. पण आपल्या कायद्यात मॉर्फिन आणि मेथाडोन (व्यसनावरच्या उपचारातलं दुसरं अफूवर्गीय औषध) 'अमली पदार्थ' या खात्यात आणि ब्युप्रेनॉर्फिन 'मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ' या खात्यात. दोन खाती, दोन नियम, आणि वॉर्डातल्या रेसिडेंटला दोन्ही धड माहीत नसतात. आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही.

पहिल्या खात्यात २०१४ ला मोठी सुधारणा झाली. त्याआधी मॉर्फिन ठेवायला एकाच रुग्णालयाला अनेक परवाने लागायचे, तेही राज्याराज्यात वेगळे. कॅन्सरचे पेशंट वेदनेनं तळमळत मरायचे आणि मॉर्फिन मिळायचं नाही. मग 'अत्यावश्यक अमली औषधं' असा वर्ग केला. २०१५ च्या यादीत सहा औषधं आली: मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून एकच मान्यता पुरते. मेथाडोन या यादीत आहे, हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या खात्यात, ब्युप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोन (अफूवर्गीय औषधाचा परिणाम तोडणारं औषध) एकत्र असलेली जी गोळी व्यसनासाठी देतात, तिला परवानगी देतानाच अट घातली आहे की पुरवठा व्यसनमुक्ती उपचार केंद्रांनाच व्हावा. म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही आणि हाडांच्या रुग्णालयाच्या फार्मसीतही नसते. बहुधा त्या डॉक्टरांनी "आमच्याकडे नाही" याचं "कायद्यात बसत नाही" करून टाकलं. पण ताईंच्या भावाकडे गोळी *होती*, केंद्रानं दिलेली, कार्डासकट. ती दाखल असताना चालू ठेवायला कुठलाही कायदा आड येत नाही. रुग्णालयाचे बाहेरच्या औषधाचे अंतर्गत नियम असतात आणि ते योग्यही आहेत, पण त्यांची रीत म्हणजे नोंद करून सिस्टरच्या ताब्यात ठेवायचं आणि वेळेवर द्यायचं. कुलूप लावून किल्ली खिशात घालणं ही रीत नव्हे.

वैद्यकीय बाजू: पूर्वी शस्त्रक्रियेआधी ही गोळी बंद करायची पद्धत होती, कारण वेदनाशामक लागू पडणार नाही अशी भीती. आता कल उलट आहे. साधारणपणे गोळी चालू ठेवतात आणि वेदनेसाठी वेगळी योजना करतात, नस बधिर करणं वगैरे. गोळी तोडली तर वेदनाही वाढते आणि विड्रॉवलही, म्हणजे सदराभाऊंची टर्की, लागतो. त्या रात्री तेच झालं.

खडू, तुमच्याशी भांडत नाही, पण एक सांगतो. या औषधाचा परिणाम एका पातळीनंतर वाढत नाही, म्हणून ते गर्दपेक्षा कितीतरी सुरक्षित. आणि नॅलॉक्सोन जिभेखाली जवळजवळ निष्क्रिय राहतं, पण कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तर तेच अंगावर उलटतं. गैरवापराची चिंता औषध बनवणाऱ्यांनीही केली होती.

पाटीवरचा_खडू
नॅलॉक्सोनचं माहीत नव्हतं. पण 'किती दिवस' या प्रश्नाला उत्तर नाहीच मिळालं.

उसवलेला_सदरा
माझ्या शेजारच्या काकांना इन्सुलिन किती दिवस, असं विचारून बघा. (हलके घ्या. पण थोडंसंच.)

परदेशी_पाटील
मी अमेरिकेत रुग्णालयातल्या फार्मसीत आहे. ताईंचा प्रसंग वाचून नवल वाटलं, कारण इथे नेमक्या याच प्रसंगासाठी नियम लिहिलेला आहे. दुसऱ्या आजारासाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाला, मूळ उपचाराच्या जोडीनं, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन विड्रॉवलपासून सांभाळायला डॉक्टरला मुभा आहे. वेगळा परवाना लागत नाही.

पण इथला कायदा सज्जन आहे असं समजू नका. १९१४ मध्ये अफू-कोकेनच्या विक्रीवरचा हॅरिसन कायदा आला, तोही नावाला कराचा कायदा. मग १९१९ च्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की व्यसनी माणसाला केवळ त्याचं भागावं म्हणून मॉर्फिन लिहून देणं हे प्रिस्क्रिप्शनच नव्हे. त्यानंतर कित्येक डॉक्टरांवर खटले झाले, क्लिनिक बंद पडली. साठच्या दशकात मेथाडोनचे प्रयोग होईपर्यंत डॉक्टर मंडळी या पेशंटच्या वाटेलाच जात नसत.

आजही एक विचित्रपणा आहे. मेथाडोनची तीच गोळी पाठदुखीसाठी लिहिली तर मी काउंटरवरून देऊ शकतो. त्याच माणसाला व्यसनासाठी लिहिली तर नाही, त्यासाठी त्यानं खास परवान्याच्या क्लिनिकमध्येच जायचं. गोळीला काय कळतं कोण कशासाठी खातंय?

आणीबाणीसाठी 'तीन दिवसांचा नियम' आहे. पेशंट विड्रॉवलमध्ये आला आणि पुढच्या उपचाराची सोय होईपर्यंत वेळ आहे, तर डॉक्टर तीन दिवस औषध देऊ शकतो. त्याला मुदतवाढ नाही. पूर्वी यातही एका वेळी एकाच दिवसाचं द्यायचं, म्हणजे थरथरत्या माणसानं तीन दिवस इमर्जन्सीच्या चकरा मारायच्या. २०२३ मध्ये बदललं, आता तिन्ही दिवसांचं एकदम देता येतं.

ब्युप्रेनॉर्फिनला इथे २००० च्या कायद्यानं डॉक्टरच्या दवाखान्याचं दार उघडलं, पण वेगळी परवानगी हवी आणि सुरुवातीला ३० पेशंटची मर्यादा. वेदनेसाठी मॉर्फिन लिहायला मर्यादा नाही, व्यसन सोडवायला मर्यादा! ती खास परवानगी २०२२ च्या डिसेंबरअखेर रद्द झाली.

टेम्सकाठी
इंग्लंडमध्ये व्यसनासाठीची चिठ्ठी निळ्या रंगाची असते, हप्त्याहप्त्यानं औषध देण्याची, एका चिठ्ठीवर जास्तीत जास्त १४ दिवसांचं. केमिस्टसमोरच घ्यायचं असंही डॉक्टर लिहू शकतात. इथे १९२६ मध्येच एका सरकारी समितीनं सांगितलं होतं की व्यसन हा आजार आहे आणि डॉक्टर गरज पडल्यास मॉर्फिन-हेरॉइनही देऊ शकतात. नंतर साठच्या दशकात हेरॉइनपुरता खास परवाना आला, तो अजून आहे.

बिनकामाचा
थांबा. सरकारी परवान्यानं हेरॉइन??

टेम्सकाठी
हो. फार थोड्यांना, बाकी काहीच लागू पडलं नाही तर. स्वित्झर्लंडमध्ये १९९४ पासून देतात, नर्सच्या देखरेखीखाली. आणि दुसऱ्या टोकाला रशिया, तिथे या उपचारासाठी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्हींना साफ बंदी. २०१४ मध्ये क्रिमिया ताब्यात घेतल्यावर तिथले चालू कार्यक्रम बंद केले, शेकडो पेशंट एका फटक्यात उघड्यावर.

आडवाटेवरचा
थोडं अवांतर. माझ्या चुलतभावाला घरच्यांनी एका 'व्यसनमुक्ती केंद्रात' टाकलं होतं. औषध वगैरे काही नाही. पहाटे उठवायचे, भजन, मार, आणि पळून जाऊ नये म्हणून पलंगाला साखळी. आम्ही पैसे भरत होतो याला. हे कायद्यात बसतं आणि गोळी बसत नाही?

कलम_कसाई
अजिबात बसत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ वाचा. दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्था त्यात 'मानसिक आजार' धरल्या आहेत. म्हणून असं केंद्र ही मानसिक आरोग्य आस्थापना ठरते, नोंदणी हवी. साखळीनं बांधायला कलम ९५ ची सरळ बंदी आहे.

आणि हुरहूरताई, तुमच्या कामाचं कलम २१. मानसिक आजार असलेल्या माणसाला आरोग्यसेवेत शारीरिक आजाराच्या माणसाच्या बरोबरीनं वागवायचं. मधुमेहाच्या पेशंटचं इन्सुलिन कपाटात बंद करून 'नाटक करतोय' म्हणाले असते का?

सदराभाऊंचं इन्सुलिन मी ढापलं, क्षमस्व.

औषधीबुवा
वकीलसाहेब, एक शंका. माझा एक गिऱ्हाईक अशा गोळ्या बॅगेत घेऊन प्रवास करतो. नाक्यावर पकडलं तर?

कलम_कसाई
चांगला प्रश्न. एनडीपीएस नियम ६६: स्वतःच्या वैद्यकीय वापरासाठी मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या औषधाचे एका वेळी १०० डोसपर्यंत बाळगता येतात. दीर्घकाळ उपचार असेल आणि डॉक्टरनं तसं स्पष्ट लिहून दिलं असेल तर ३०० पर्यंत. चिठ्ठी बरोबर हवी, नाव जुळायला हवं.

चिठ्ठी नसेल तर मात्र खेळ बदलतो. शिक्षा किती ते जवळ सापडलेल्या वजनावर ठरतं. या औषधाची 'अल्प मात्रा' १ ग्रॅम आणि 'व्यापारी मात्रा' २० ग्रॅम. गोळीत औषध २ मिलिग्रॅम, म्हणजे भरपूर जागा आहे असं वाटेल. पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मिश्रणातला निरुपद्रवी भागही वजनात धरायचा. म्हणजे गोळीतलं पीठसुद्धा. मग १ ग्रॅमला कितीशा गोळ्या लागतात ते तुम्हीच तोला.

रात्रपाळी
वकीलसाहेब, हे वाचून कुणी गोळी घरी ठेवायलाच घाबरेल. चिठ्ठी असलेल्याला भीती नाही हे ठळक लिहा ना.

कलम_कसाई
चिठ्ठी असलेल्याला शिक्षेची भीती नाही. त्रासाची आहे. पोलिसाला नाक्यावर नियम ६६ पाठ नसतो. तुम्ही दवाखान्यात बसून 'कायदा आड येत नाही' म्हणता, मी अशी माणसं कोर्टाच्या व्हरांड्यात बघतो. म्हणून अशिलांना सांगतो, मूळ चिठ्ठी, केंद्राचं कार्ड, आणि दोन्हींचा फोटो घरच्यांच्या फोनमध्ये.

दुसरी बाजूही सांगतो. कलम ६४-अ: वापराचा किंवा अल्प मात्रेचा गुन्हा असेल आणि माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. कलम ३९ खाली कोर्टही शिक्षेऐवजी उपचाराला सोडू शकतं. दोन्ही कलमं कायद्यात आहेत, पण मागणाऱ्यांना माहीत नाहीत आणि देणाऱ्यांना आठवत नाहीत.

पाटीवरचा_खडू
मग व्हिडिओ कॉलवर डॉक्टरकडून चिठ्ठी घेतली की झालं, रांग नको, हेल्मेट नको.

रात्रपाळी
नाही चालत. २०२० च्या मार्चमध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात शेड्यूल एक्सची आणि एनडीपीएस कायद्याखालची औषधं दूरसल्ल्यातून लिहायला मनाई केली. गंमत अशी की त्याच सुमारास टाळेबंदी लागली आणि रोज केंद्रात येणं अशक्य झालं. तेव्हा स्थिर पेशंटना काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला देण्याची मुभा मिळाली. आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं होतं, आता गोळ्या बाजारात येणार. माझ्या ओपीडीत तरी जगबुडी झाली नाही. लोक गोळ्या घरी नेत, घेत, आणि पुढच्या वेळी वेळेवर येत.

परदेशी_पाटील
इथेही हुबेहूब. कोविडमधली मेथाडोन घरी न्यायची सवलत २०२४ च्या नियमांत कायम झाली. महिनाभर उपचार झालेल्याला, डॉक्टरला योग्य वाटलं तर, २८ दिवसांपर्यंतचं औषध नेता येतं.

उसवलेला_सदरा
मला ज्या दिवशी पहिल्यांदा आठवड्याच्या गोळ्या मिळाल्या, त्या दिवशी सिस्टरनं पाकीट दिलं आणि म्हणाली, "हरवू नका हं." एवढंच. मी घरी येईपर्यंत तीनदा खिसा चाचपला. माझ्यावर कुणी कशाचा तरी विश्वास ठेवला त्याला दहा वर्षं झाली होती.

आणि हो, वर कुणीतरी 'गर्दुल्ले' लिहून नंतर संपादित केलंय, ते मी वाचलं होतं. असू दे.

संपादक
औषधाची मात्रा विचारणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. इथे कुणीही मात्रा विचारू नये, सांगू नये. उपचार हवा असेल तर व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, निःशुल्क.

पाटीवरचा_खडू
'गर्दुल्ले' मी लिहिलं होतं. काढलं. सदराभाऊ, माफी.

केंद्रं इतकी आहेत तर दिसत का नाहीत, एवढं शेवटचं विचारतो.

रात्रपाळी
कारण इतकी नाहीतच. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, एम्सनं केलेल्या, अफूवर्गीय पदार्थांमुळे अडचणीत आलेले सुमारे ७७ लाख लोक निघाले. यांतल्या बहुतेकांच्या तालुक्यात गोळी देणारं कुणी नाही. पंजाबनं २०१७ पासून ओपीडीतून गोळी देणारी क्लिनिक मोठ्या प्रमाणावर काढली, पण सगळीकडे तशी इच्छा नाही. आणि जिथे केंद्र नाही तिथे पुरवठा नाही, कारण गोळी केंद्रालाच जाते. तुमच्या 'कडक कायदा बरा' या म्हणण्यावर माझा आक्षेप तेवढाच आहे. गैरवापर अडवायला घातलेलं कुंपण बरोबर, पण फाटक कुठे ठेवलंय तेही बघा.

हुरहूरताई, स्क्रू काढण्याच्या आधी केंद्राच्या डॉक्टरांकडून पत्र घ्या. पेशंट आमच्याकडे नोंदलेला आहे, हे औषध चालू आहे, बंद करू नये, काही विचारायचं असल्यास हा फोन. भूलतज्ज्ञांना आधी भेटा, सर्जनना नंतर. वेदनेचं गणित भूलतज्ज्ञांच्या हातात असतं.

बिनकामाचा
धागा वाचनखुणांत ठेवला. माझा मेहुणा हाडांचा डॉक्टर आहे, त्याला दुवा पाठवतो. वाचणार नाही, पण पाठवतो.

हुरहूर
पाच आठवड्यांनी लिहिते आहे. सगळ्यांचे आभार, वेळेवर उत्तर देता आलं नाही.

पत्र घेतलं. केंद्राच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर सहा ओळी लिहून दिल्या, शिक्का मारला. या वेळी दुसरं रुग्णालय होतं. भूलतज्ज्ञ बाई तरुण होत्या. मी वकीलसाहेबांची कलमं वहीत लिहून नेली होती, २१, ७१, नियम ६६, भांडायच्या पूर्ण तयारीनं. त्यांनी पत्र वाचलं, भावाकडे बघितलं आणि विचारलं, "आजची गोळी घेतली का?" तो म्हणाला, "नाही, उपाशीपोटी यायला सांगितलं होतं." त्या म्हणाल्या, "ती घ्यायची होती. काढा." मग स्वतः समोर उभ्या राहिल्या, गोळी विरघळेपर्यंत. वही उघडावी लागलीच नाही.

स्क्रू निघाला. दुसऱ्या दिवशी घरी.

पहिल्या रुग्णालयात डिस्चार्जच्या वेळी स्ट्रिप परत मागितली होती. दोन गोळ्या कमी निघाल्या. कुणाला विचारायचं कळेना, म्हणून तशीच घेऊन आले.

औषधीबुवा
ताई, त्या दोन गोळ्या तुमच्या केंद्राला आजच लेखी कळवा. तारीख घालून. त्यांच्याही रजिस्टरला हिशोब लागतो, आणि उद्या कुणी विचारलं तर भावावर यायला नको.

कलम_कसाई
बुवांना +१. आणि पोच घ्या.